भुतं, सचिवांच्या आदेशावरून

भुतांशी माझा संबंध सोसायटीच्या मीटिंगमुळे आला. एरवी मी भुतांच्या वाटेला जात नाही आणि मीटिंगच्याही जात नाही. पण त्या दिवशी घरात बसून भिंतींचा कंटाळा आला होता आणि खाली निदान माणसं दिसतील म्हणून गेलो. विषय होता गच्चीची गळती. गळतीवर घनघोर चर्चा होऊन ती पुढच्या मीटिंगवर ढकलली गेली, आणि मग सचिवांनी घसा साफ करून मुलांचा अर्ज वाचायला घेतला. इमारतीतल्या तमाम मुलांना यंदा हॅलोविन करायचं होतं.

"हॅलोविन म्हणजे नक्की काय?" सचिवांनी विचारलं. ते सरकारी कचेरीतून निवृत्त झाले आहेत आणि व्याख्या झाल्याशिवाय कुठल्याच गोष्टीला हात लावत नाहीत.

तळमजल्यावरचे दातांचे डॉक्टर म्हणाले, "काही नाही हो, ऑक्टोबरच्या शेवटी मुलं भुतांचे कपडे घालून दारोदार फिरतात आणि चॉकलेटं मागतात. करू द्या की. चांगली गोष्ट आहे."

चॉकलेटांची शिफारस दातांच्या डॉक्टरांनी करावी याचा अर्थ प्रत्येकाने आपापल्या मनात लावला. ठराव मंजूर झाला.

"बोर्ड लागेल," सचिव म्हणाले. त्यांच्या मते बोर्डाशिवाय जगात काही घडतच नाही. पाणी बंद असलं तरी बोर्ड लावल्याशिवाय ते बंद आहे असं ते मानत नाहीत. "प्रवेशद्वारावर, मोठा, भुतांना साजेशा अक्षरांत. कोण करील?" आणि कोणी काही बोलायच्या आत त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "यांच्या घरी सध्या कोणी नाही. यांच्याकडे वेळ आहे."

माझ्या घरी कोणी नाही! मला म्हणावंसं वाटलं, की मी आहे, धडधाकट आहे. पण सगळ्यांनी इतक्या सहानुभूतीने माना हलवल्या की मीही हलवली.

तर घरी कोणी नाही म्हणजे आमची ही घरी नाही. ती लेकीकडे गेली आहे, परदेशात, बाळंतपणाला. उन्हाळ्यापुरती म्हणून गेली. नातू झाला, छान झाला, आता तो पालथा पडतो, आणि इकडे सप्टेंबर आला तरी ही तिकडेच. माझी तक्रार नाही. लेक आमचीच, नातू आमचाच. मी फक्त वस्तुस्थिती सांगतोय.

वस्तुस्थितीत आणखी एक भर घालतो. मी जन्मभर टेलिफोन खात्यात नोकरी केली. गावोगाव खांब रोवले, तारा ओढल्या, लोकांनी एकमेकांशी बोलावं म्हणून उन्हातान्हात हिंडलो. आणि आमचा स्वतःचा रविवारचा फोन कसा? "जेवलात का?" "जेवलो." "गोळी घेतली?" "घेतली." "काय विशेष?" "काही नाही. तुझं?" "काही नाही. बाळ उठलं वाटतं, ठेवते." संपलं. फोन ठेवल्यावर मला दहा गोष्टी आठवायच्या. बाल्कनीतल्या कुंडीला फूल आलंय, वॉशिंग मशीन आता चालताना खोलीभर फिरतं, समोरच्या बाकावरचे गृहस्थ हल्ली दिसत नाहीत. पण फूल आलं हे सांगायला परदेशी फोन कसा करायचा? कारण लागतं. आमच्या पिढीला फोन करायला कारण लागतं.

असो. आपण भुतांकडे वळू.

दुसऱ्या दिवशी मी कॉम्प्युटरसमोर बसलो. मला वाटलं होतं भीतिदायक फॉन्ट म्हणजे एखादा असेल, फार तर दोन. पण भुताटकीच्या अक्षरांचं केवढं मोठं दुकान उघडलेलं आहे याची आपल्याला कल्पना नसते. रक्त ठिबकणारी अक्षरं, हाडांची अक्षरं, जळमटं लोंबणारी, थडग्यावर कोरल्यासारखी, मेणबत्तीसारखी वितळणारी, वटवाघळांची, उंदरांनी कुरतडलेली. एका अक्षरमालेला तर प्रत्येक अक्षरात एक डोळा होता आणि ती सगळी मिळून माझ्याकडे बघत होती. मी जरा खुर्ची मागे घेतली.

हरखून जाऊन मी त्यातलं सगळ्यात रक्तबंबाळ निवडलं आणि 'भुतांची संध्याकाळ' असं टाइप केलं. पडद्यावर ओळीने रिकामे चौकोन उमटले. दुसरं निवडलं. चौकोन. तिसरं निवडलं तर चौकोनांत प्रश्नचिन्हं. जगातली सगळी भुतं इंग्रजीत शिकलेली निघाली. मराठीतून भीती वाटण्याची सोय कोणी केलेलीच नव्हती. मला याचा फार राग आला. आम्ही काय घाबरत नाही?

शेवटी खोदून खोदून एक मराठी फॉन्ट सापडला. कोणीतरी भला माणूस त्याच्या नादात करून ठेवून गेला होता. आणि खरं सांगतो, भुतांसाठी आपल्याइतकी योग्य लिपी दुसरी नाही. इंग्रजी अक्षरं जमिनीवर उभी असतात. आपली आधीच वरच्या रेघेला लटकलेली असतात. वरून नुसतं थोडं ठिबकवलं की काम झालं. त्या फॉन्टमध्ये वरच्या रेघेवरून काळपट थेंब ओघळत होते आणि प्रत्येक वेलांटीला जळमट होतं. माझा ऊर भरून आला. मी त्याचा फोटो काढला आणि हिला पाठवला. खाली लिहिलं, 'कसं वाटतं?' लिहिताना मनात काहीच नव्हतं, शपथेवर सांगतो.

अर्ध्या घटकेत फोन वाजला. वार रविवार नव्हता, फोनची वेळही नव्हती.

"अहो, हे काय?" ही म्हणाली. ना जेवलात का, ना गोळी. "सर्दी झाल्यासारखं दिसतंय अक्षर. भुताला सर्दी कशी होईल?"

"थेंब आहेत ते. रक्ताचे."

"रक्ताचे असतील तर सगळे सारखे कसे? एक लांब, एक आखूड असे नकोत का? आणि तो 'भ' बघा. 'भ' कुठे वाटतोय? डोक्यावर टोपरं घातलेल्या बाळासारखा वाटतोय." मग ती आमच्या नातवाच्या टोपऱ्याबद्दल बोलली, टोपरं विणताना संपलेल्या लोकरीबद्दल बोलली, तिथे लोकर कुठे मिळते, दुकानातली बाई कशी हसून बोलते, तिला हिचं काही कळत नाही आणि हिला तिचं, तरी दोघी कशा गप्पा मारतात हे सगळं बोलली. मध्येच म्हणाली, "आणि ती जळमटं काढा, घरात नाहीत का पुरेशी?" मी म्हटलं, नाहीत, मी रोज झाडतो. ती म्हणाली, "दाखवा बघू." मग मी फोन घेऊन घरभर फिरलो. कुंडीतलं फूलही दाखवलं.

फोन ठेवला तेव्हा बाहेर अंधार पडला होता आणि मी दिवा लावायचा विसरलो होतो. इतके महिने ती जेवढं बोलली नव्हती तेवढं एका 'भ'वर बोलली. मी बराच वेळ त्या ठिबकणाऱ्या अक्षरांकडे कृतज्ञतेने बघत बसलो.

आता तुम्ही म्हणाल, की मग या माणसाने मुद्दाम काम लांबवलं. मुद्दाम हा शब्द मला मान्य नाही. मी काळजीपूर्वक लांबवलं. रोज संध्याकाळी, म्हणजे तिकडची सकाळ, मी नवा नमुना पाठवायचो आणि रोज ती त्यात काहीतरी खोट काढायची. नारिंगीवर काळं नको, काळ्यावर नारिंगी करा. थेंब जास्त झाले. थेंब कमी झाले. शेवटचा 'ळ' फारच आनंदी दिसतोय. एकदा मागून लेकीचा आवाज आला, "आई, कालच्याला तू छान म्हणाली होतीस ना, मग आज परत?" त्यावर ही म्हणाली, "तू तुझं आवर गं." मी ऐकलं नाही असं दाखवलं.

इमारतीत ही बातमी पसरायला वेळ लागला नाही. आमच्याकडे सल्ला मागावा लागत नाही, तो घरपोच येतो. दातांचे डॉक्टर आले आणि हाडांच्या अक्षरांचा आग्रह धरून बसले. मी त्यांना एक नमुना करून दाखवला तर चष्मा कपाळावर सारून म्हणाले, "काना म्हणून हे मांडीचं हाड घेतलंय ते ठीक. पण वेलांटीला बरगडी उलटी लावलीय. अशी बरगडी असलेला माणूस श्वास घेऊ शकणार नाही."

"डॉक्टर, तो मेलेलाच आहे."

"म्हणून काय झालं? मेला तेव्हा तरी व्यवस्थित असेल ना!"

वरच्या मजल्यावर निवृत्त मुख्याध्यापिका राहतात. इमारतीत त्यांना सगळे, म्हणजे सचिवसुद्धा, बाई म्हणतात. त्यांनी नमुना हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला आणि मला विचारलं, "हे काय लिहिलंय?"

"भुतांची संध्याकाळ, बाई."

"वाचता येत नाही. शोभेची अक्षरं मथळ्यापुरती ठेवावीत आणि तीसुद्धा दुरून कळतील अशी. मुलांना कळायला हवं, निदान घाबरण्याआधी." मी हा शेरा संध्याकाळी हिला कळवला. ही म्हणाली, "बाईंना सांगा, भीती वाचता येत नाही तेव्हाच जास्त वाटते." दोन्ही बाजू विद्वान. मी नेहमीप्रमाणे घरच्या बाजूने मत दिलं आणि आणखी थोडे थेंब वाढवले. पुढे जे घडलं त्याचं मूळ इथे आहे, हे नोंदवून ठेवतो.

नुसता छापील बोर्ड काय, कोणीही करतो, असं मग हिच्या डोक्यात आलं. "काळ्या पुठ्ठ्यातून अक्षरं कापा आणि मागे दिवा लावा. अंधारात अक्षरं पेटलेली दिसतील." मी पुठ्ठा आणला, जेवणाच्या टेबलावर पसरला, फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला आणि हिच्या देखरेखीखाली कापायला बसलो. ती तिकडे भाजी चिरत होती, मी इकडे अक्षरं चिरत होतो. मध्येच ती "हळू, बोट!" म्हणायची. खरं सांगू का, तसं कोणी म्हटल्याला फार दिवस झाले होते. मी एकदोनदा बोट उगाचच जवळ नेलं.

पुठ्ठ्यातून अक्षर कापण्यात एक मेख आहे, ती आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हती. 'भु'तला 'भ' कापला आणि त्याच्या पोटातला तुकडा टपकन खाली पडला. 'ध्या' कापला, त्याचाही पडला. अक्षरांची पोटं एकामागून एक गळत गेली आणि उरली ती नुसती भगदाडं. मी भगदाडांतून फोनकडे पाहिलं. ही इतकी हसली, की तिला सुरी खाली ठेवावी लागली. डोळे पुसत म्हणाली, "अहो, जोडून ठेवायचा असतो ना तो तुकडा, बारीक पट्टीने!" आणि मग हसू थांबल्यावर, डोळे पुसता पुसताच, सहज बोलल्यासारखं म्हणाली, "लेकीला ऑफिसात बोलावलंय परत. पाळणाघराचा नंबर काही लवकर लागत नाही. म्हणतेय, आई, पुढच्या उन्हाळ्यापर्यंत राहशील का."

माझ्या हातात 'ध्या'चं पोट होतं.

"मग?" मी म्हटलं.

"मग काय. तुम्ही सांगा."

आता इथे माणसाने काय म्हणावं? मला काय म्हणायचं होतं ते मला चांगलं ठाऊक होतं. एकच अक्षर होतं ते. पण लेकीची नोकरी, इवलासा नातू, आणि मी म्हणजे कोण, तर ज्याला स्वतःचा चहा करता येतो, झाडता येतं आणि वॉशिंग मशीन पळू लागलं तर धरता येतं असा धडधाकट माणूस. अशा माणसाने 'मला करमत नाही' म्हणायचं? कोणत्या तोंडाने?

"राहा की," मी म्हणालो. "इथे काय अडलंय? 'ध्या'ला पट्टी डावीकडून लावू की उजवीकडून?"

तिने खाली ठेवलेली सुरी पुन्हा उचलली. मग म्हणाली, "उजवीकडून." आणि बाळ उठलं म्हणून फोन ठेवला. बाळ रडल्याचं मला काही ऐकू आलं नाही.

त्या संध्याकाळी मी सगळा पुठ्ठा गुंडाळून ठेवला. दुसऱ्या दिवशी छपाईच्या दुकानात गेलो आणि फ्लेक्सच करून टाकायचं ठरवलं. काम आता संपवून टाकावंसं वाटत होतं. संपल्यावर पुढे काय, हा विचार मी फुटपाथवर मुद्दाम करत नव्हतो.

छपाईवाली बाई कानात इअरफोन घालून एकाच वेळी एक लग्नपत्रिका, एक निवडणुकीचं पत्रक आणि माझी भुतं असं काम करत होती. तिने माझा नमुना पाहून विचारलं, "काका, मूळ फाइल खराब झालीय का? सगळं ओघळलंय."

"ते तसंच आहे."

"सरळ करून देऊ?"

"नको! महिनाभर खपून वाकडं केलंय."

तिने खांदे उडवले. बोर्डाच्या तळाशी मोकळी जागा राहत होती. तिथे काहीतरी धमकी टाका, आत याल तर बाहेर पडणार नाही अशी काहीतरी, असं हिने आधीच सुचवलं होतं. ती मी टाकली. पण सोसायटीच्या प्रवेशद्वारावर लागणारा कुठलाही मजकूर सचिवांच्या नजरेखालून जावा लागतो. मी नमुना घेऊन त्यांच्याकडे गेलो. त्यांनी वरचा ओघळलेला भाग बघून न बघितल्यासारखं केलं, कारण त्यांनाही तो वाचता आला नव्हता आणि ते कबूल करणं त्यांच्या स्वभावात नाही. खालच्या धमकीवर मात्र त्यांचं पेन टेकलं.

"'आत याल तर बाहेर पडणार नाही' ही काय भाषा झाली? बोर्डाची एक भाषा असते." आणि त्यांनी ती सुधारली. सुधारून झालेली धमकी अशी होती: 'सदर इमारत धोकादायक असून आत प्रवेश करणाऱ्यांनी तो स्वतःच्या जबाबदारीवर करावा. आदेशावरून, सचिव.'

"आदेशावरून कशाला? भुतं आहेत ती."

"आपल्या इमारतीतला एकही बोर्ड आदेशावरून शब्दाशिवाय लागलेला नाही. आणि हा मजकूर साध्या, ठळक अक्षरांत हवा. आदेश ठिबकता कामा नये."

मी थकलो होतो. बरं म्हटलं. बोर्ड छापून आला, फाटकावर चढला. सचिवांनी लांब जाऊन पाहिलं आणि समाधानाने मान डोलावली. रस्त्याच्या पलीकडून बोर्ड कसा दिसत होता, ते सांगतो. वर काहीतरी काळं-नारिंगी सांडल्यासारखं, कोणाच्याही बापाला वाचता येऊ नये असं. आणि त्याखाली, सूर्यप्रकाशाइतकं स्वच्छ: इमारत धोकादायक आहे. आदेशावरून, सचिव.

आधी फरक इतका हळूहळू पडला की कोणाच्या लक्षात आलं नाही. पार्सलवाले फाटकाबाहेरच पार्सलं ठेवून जाऊ लागले. लिफ्ट दुरुस्त करायला आलेला माणूस बोर्ड वाचून लिफ्टपर्यंत न पोचताच परत गेला. डॉक्टरांचे पेशंट गळाले, आणि डॉक्टर चॉकलेटांच्या दिवसाची वाट बघत असताना हे व्हावं याचं त्यांना फार वाईट वाटलं. बाईंच्या शेजारचा फ्लॅट बघायला एक जोडपं आलं होतं. नवरा फाटकातूनच बायकोला म्हणाला, "निदान प्रामाणिक तरी आहेत." आणि दोघं निघून गेले.

मग नगरपालिकेच्या बांधकाम विभागाचा फोन आला. सचिवांनीच घेतला. आपल्या इमारतीच्या सचिवांनी इमारत धोकादायक असल्याचं जाहीर केलं आहे, हे खरं का? सचिव म्हणाले, "हो. म्हणजे नाही. म्हणजे बोर्ड माझ्याच आदेशावरून आहे, पण..." त्या 'पण'च्या पुढचं तिकडे कोणी ऐकलं नाही. सचिवाने स्वतः कबुली दिल्यावर तपासणी करावीच लागते, इंजिनिअर येतील, असं सांगण्यात आलं. बोर्ड काढून टाकू का, असं मी विचारलं तर सचिव खेकसले, "आता काढला तर पुरावा नष्ट केल्यासारखं होईल! आणि हे सगळं तुमच्या अक्षरांमुळे!"

माझ्या अक्षरांमुळे! माझी अक्षरं तर बिचारी कोणी वाचलीसुद्धा नव्हती. पण मी वाद घातला नाही. त्या दिवसांत मला कशातच दम वाटत नव्हता. बोर्ड झाल्यामुळे विचारायला काही उरलं नव्हतं, आणि फोन पुन्हा जेवलात का, गोळी घेतली का, यावर आला होता. बाल्कनीत बसलं की खाली फाटकावरच्या बोर्डाची पाठ दिसायची. मला ती रोज दिसायची.

हॅलोविनच्या संध्याकाळी मुलं चादरी पांघरून, तोंडं रंगवून जिन्यात जमली. ही म्हणाली होती की मला बघायचंय सगळं, म्हणून मी फोन जिन्याजवळच्या चपलांच्या कपाटावर उभा करून ठेवला होता. तिच्या मांडीवर नातू होता. तो प्रत्येक भुताकडे बघून हात हलवत होता. आणि त्याच वेळी फाटकातून डोक्यावर हेल्मेट, हातात बॅटरी आणि काखेत कागद घेतलेले नगरपालिकेचे इंजिनिअर आत आले.

एका छोट्या चेटकिणीने त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "काका, तुम्ही कोण झालात?"

"मी इंजिनिअर आहे."

"भारी आहे," ती म्हणाली आणि टोपलीतलं एक चॉकलेट काढून त्यांना दिलं. त्यांनी ते दिवसभराच्या थकव्याने खिशात टाकलं.

बिचाऱ्यांनी मन लावून तपासणी केली. बॅटरी मारून भेगा पाहिल्या, खांब ठोकून पाहिले, त्यांच्यामागे भुतांची रांग जिनाभर चढली आणि उतरली. गळतीबद्दल विचारलं तेव्हा सचिव म्हणाले, "ती मीटिंगमध्ये आहे." शेवटी इंजिनिअर म्हणाले, "इमारत ठीक दिसते. पण तक्रार आहे म्हटल्यावर एका रहिवाशाचा जबाब लागतो. पदाधिकारी चालत नाही."

सचिवांनी मला पुढे ढकललं. "हे घ्या. हा सगळा उपद्व्याप यांचाच." आणि माझ्या कानाशी म्हणाले, "सगळ्याला नाही म्हणा."

"आपण इथे राहता?" इंजिनिअरांनी विचारलं.

"हो."

"भिंतींतून काही आवाज येतात?"

"नाही."

"जमीन हलल्यासारखी वाटते?"

"वॉशिंग मशीन चालू असताना. एरवी नाही."

"या इमारतीत राहताना भीती वाटते?"

सगळे माझ्याकडे बघत होते. सचिव, डॉक्टर, बाई, सगळी भुतं. एका शब्दाचं काम होतं, नाही म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. पण महिनाभर मी भीती हा एकच विषय घेऊन बसलो होतो, कुठल्या रंगात, किती थेंबांत, किती दुरून दिसेल अशी. आणि आज कोणीतरी सरकारी माणूस घरी येऊन, कागद पुढे धरून, मला सरळ विचारत होता.

"वाटते," मी म्हणालो.

सचिवांनी डोळे मिटले.

"कसली?"

"संध्याकाळची. दिवे लागायच्या वेळेला कुलूप काढून आत जातो तेव्हा. आत गेल्यावर कोणी 'आलात का' म्हणत नाही. मी टीव्ही लावतो, बघत नाही, नुसता लावतो. दोन माणसांचा चहा टाकला जातो अजून हातून. घर चांगलं आहे हो, भिंती मजबूत आहेत. मला करमत नाही."

"अहो, ते इमारतीबद्दल विचारतायत!" सचिव ओरडले. पण बाईंनी त्यांचा दंड धरला आणि ते गप्प झाले. छोटी चेटकीण तोंड उघडं ठेवून बघत होती. इंजिनिअरांचं पेन कागदावर थांबलं होतं. त्यांनी हेल्मेट काढलं, डोकं खाजवलं.

"असं आहे साहेब, धोका आहे म्हटलं की मला पुढचा रकाना भरावाच लागतो," ते हळू आवाजात म्हणाले. "कायमचा आहे की तात्पुरता?"

"ते मला सांगता येणार नाही," मी म्हणालो. "ते माझ्या हातात नाही."

"तात्पुरता!"

आवाज चपलांच्या कपाटावरून आला. इंजिनिअर दचकून मागे सरले.

"तात्पुरता लिहा, साहेब," ही म्हणाली. पडद्यावर तिचा चेहरा इतका जवळ आला होता की नुसते डोळे दिसत होते. "आणि अहो, तुम्ही! महिनाभर मला थेंब मोजायला लावलेत, पुठ्ठे कापत बसलात, आणि मी विचारलं तेव्हा 'राहा की' म्हणालात! एक शब्द तोंडातून काढायला काय झालं होतं?"

मागे लेक उभी होती. ती बाळाला उचलून घेत म्हणाली, "बाबा, पाळणाघराचं आम्ही दोघं बघू. तुम्ही बोला ना."

मी फोनसमोर जाऊन उभा राहिलो. घसा साफ केला. जिन्यात चढत्या क्रमाने भुतं उभी होती, सचिव होते, नगरपालिका होती, आणि मला आयुष्यात कधी इतक्या लोकांसमोर बोलायची वेळ आली नव्हती.

"ये," मी म्हणालो.